सावरटेपचा झोळ

भूकर्ण यंत्राने सावरटेपची जमीन 'स्थिर' ठरवली आणि त्याच आठवड्यात नाणेघोळच्या ग्रामपंचायतीत माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि सरपंचांचं वीस मिनिटांचं भाषण, ज्यात माझं नाव एकदाच आलं. बारावीला गणितात दोनदा आपटलेल्या बाईचा गणितासाठी सत्कार होणार म्हटल्यावर माझ्या वर्गातल्या तीन-चार जणी मुद्दाम बघायला आल्या होत्या. माझ्या शेजारी धाकूदादा शेलार, कडक इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसलेला. माझ्या कानाशी लागून म्हणाला, "बाय, शाल तुला नि नारळ मला. मला शालीत घाम येतो."

त्या सत्काराचं मूळ माझ्या एका जुन्या वहीत होतं, आणि वहीचं मूळ लॉकडाऊनच्या दुसऱ्या वर्षात.

तेव्हा मी नाणेघोळच्या केबल ऑफिसात फोन उचलायला बसायचे. मालिका ऐन रंगात आली की टीव्ही बंद पडायचा आणि सगळ्या गावाचा राग माझ्या कानात यायचा. धाकूदादा आमचा लाइनमन. राहायचा सावरटेपला. आमच्या गावाच्या खडकाळ टोकावरून खाली बघितलं की मधे एक खोल घळ आणि घळीपलीकडे टेपावर, म्हणजे टेकाडावर, बावीस घरांची ती वाडी, आमच्याकडे पाठ करून बसल्यासारखी. तिचा उतार पलीकडे, नदीच्या बाजूला. शाळा मोबाइलवर आली आणि सावरटेपची पोरं रेंजसाठी कड्यावर जाऊन बसायला लागली. एका मुलीने घसरून पाय मोडून घेतला. दुसऱ्या दिवशी धाकूदादा मालकांपुढे उभा राहिला. "घळीवरनं तार टाकतो. खांब माझे मी उभे करतो. तुम्ही फक्त केबल द्या."

तार म्हणजे फायबरची केबल: बाहेरून काळी, करंगळीपेक्षा थोडी जाड, आत केसासारखे काचेचे तंतू. दोन खांबांमधल्या टप्प्याला आम्ही गाळा म्हणायचो आणि गाळ्याच्या मध्यावर तार जेवढी लोंबते तो झोळ. झोळ जास्त झाला तर तार वाऱ्यात झाडांना घासते. कमी झाला तर ताण वाढतो, मग थंडीत तार आकसली किंवा खांब जरा कलला की आतली काच जाते. रस्त्याकडेचे गाळे चाळीस-पन्नास मीटरचे असायचे. हा दीडशेचा. एवढा गाळा आमच्यापैकी कोणीच टाकला नव्हता.

पहिली दोरी पलीकडे गेली ती लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बंड्या पाटकरच्या ड्रोनने. लग्नं बंद होती, ड्रोन रिकामा होता. नायलॉनची दोरी शेपटीसारखी लावून तो घळीवर गेला आणि मधेच वाऱ्याने हेलपाटला, तेव्हा बंड्या सवयीने त्याला म्हणाला, "मान वर, मान वर... हां, आता हसा." बारीक दोरीमागे जाड दोर गेला, दोरामागे केबल. पलीकडे धाकूदादाने ताण दिला तो नुसत्या डोळ्यांनी. चार वाजता ऑफिसच्या स्क्रीनवर त्याचं अंगण दिसलं. त्याच्या बायकोने, पारूवहिनीने, कॅमेऱ्यात डोकावून विचारलं, "वैजू, तू जेवलीस का?" फायबरवरून सावरटेपहून आलेला तो पहिला निरोप. मला अजून त्या प्रश्नाचा आवाज येतो.

मालकांना कागदावर झोळ लिहून हवा होता. रस्त्याचे गाळे आम्ही खालून बांबू लावून मोजायचो. घळीत बांबू कुठून लावणार? मग दुपारच्या रिकाम्या वेळात मी मोबाइलवर शोधत बसले, आणि विजेच्या तारा टाकणाऱ्या लोकांची एक जुनी पद्धत सापडली. तिच्या मी प्रेमातच पडले.

खांबाजवळ तारेवर काठीने एक टोला द्यायचा. टोल्याची लाट तारेतून पलीकडच्या खांबापर्यंत पळते, तिथून उलटते आणि परत येते. तारेवर हात ठेवला की ती आलेली कळते, पायाला मांजर घासून जावी तशी. ताठ तारेत लाट झपाट्याने येते, सैल तारेत रमतगमत. गंमत म्हणजे तार जड की हलकी, गाळा लांब की आखूड, हे काही विचारावंच लागत नाही. गणितात ते सगळं एकमेकांना छेदून जातं आणि उरतो फक्त वेळ. लाटेच्या तीन फेऱ्यांचे सेकंद घ्या, त्यांचा वर्ग करा, एका ठरलेल्या आकड्याने गुणा, की झोळ हातात. असं का होतं हे समजेपर्यंत मी आठ पानं खरडली. गणितात नापास होणं आणि गणित न येणं या दोन वेगळ्या गोष्टी असाव्यात, असा मला तेव्हा पहिल्यांदा संशय आला.

पुढची दहा वर्षं आम्ही वर्षातून दोनदा तो गाळा मोजला. धाकूदादा शिडीवर, एक हात तारेवर, दुसऱ्यात काठी, तोंडात पान. मी खाली स्टॉपवॉच घेऊन. काठी तारेवर बसली की मी बटण दाबायचे. तो पानाआड तोंडातल्या तोंडात मोजायचा आणि शेवटी पिंक सांभाळत वरून ओरडायचा, "तीन." मी पुन्हा बटण दाबायचे. पाच पूर्णांक नऊ सेकंद. गार सकाळी पाच-आठ, उन्हात सहा. वहीत तीन रकाने होते: तारीख, सेकंद, झोळ. झोळ एक मीटर वीस सेंटिमीटर.

"एवढासाच?" तो एकदा म्हणाला. "मला वरनं बराच वाटतो गो."

"गणित आहे ते दादा. वाटण्यावर नसतं."

हे वाक्य मी किती सहज बोलले होते.

मग तो निवृत्त झाला, ऑफिस एका मोठ्या कंपनीने घेतलं, मालक मुलाकडे गेले. वही माझ्या कपाटात लोणच्याच्या बरण्यांशेजारी पडून राहिली. मधली दहा वर्षं कोणी काही मोजलं नाही.

आणि भूकर्ण आलं.

ते बसवायला आलेली इंजिनिअर मनवा इंगळे अकोल्याची, पंचवीस-सव्वीसची. डोंगरातल्या वाड्यांची जमीन सरकते आहे का, हे शोधायची ती सरकारी योजना. मनवाने मला माझ्या ओट्यावर बसून समजावलं. काचेच्या तंतूत प्रकाश सोडला की काचेतल्या बारीक खोटींवरून त्यातला कणभर प्रकाश उलटा येतो. तंतू कुठे केसाच्या हजाराव्या भागाइतका जरी ताणला गेला, तरी उलट्या येणाऱ्या प्रकाशात फरक पडतो, आणि तो कोणत्या मीटरवर पडला हेही कळतं. त्यामुळे नवी केबल नको, नवे खांब नकोत. जुन्या तारेच्या टोकाला एक पेटी लावली की सगळी तार कान होते. वारा तर तारेला दिवसभर टोले मारतच असतो. भूकर्ण त्या लाटांच्या फेऱ्या मोजतं आणि झोळ सांगतं.

"म्हणजे आमचा धाकूदादाच की," मी म्हटलं. "पान न खाणारा."

"पण झोळच का मोजायचा, ते सांगा बरं काकू," मनवा परीक्षा घेतल्यासारखी म्हणाली.

ते मला ठाऊक होतं. झोळ हे भिंग आहे. दीडशे मीटरच्या गाळ्यात एक खांब वीतभर लांब गेला तर बघणाऱ्याला काही दिसणार नाही, पण झोळ मीटरभर वर उचलला जाईल. आमच्याकडचा खांब काळ्या खडकात आहे, तो हलणार नाही. सावरटेपची जमीन नदीकडे सरकत असेल, तर तिथला खांब आमच्यापासून दूर जाईल आणि तार आपोआप ताठ होईल.

अडचण एकच होती. भूकर्णाला आजचा झोळ कळत होता, पण पूर्वी किती होता हे कोण सांगणार? भूकर्ण येण्याआधीच पाच वर्षं सावरटेप 'संशयित' यादीत होतं. यादीतल्या वाडीला नवी शाळा नाही, पाण्याची टाकी नाही, घरावर पक्कं छप्पर घालायलाही परवानगी नाही. मी वही काढून दिली. मनवाने झोळाचा रकाना यंत्रात भरला: दहा वर्षं एक मीटर वीस. भूकर्णाचा आजचा आकडा: एक मीटर एकवीस.

"एका सेंटिमीटरचा फरक, काकू. वीस वर्षांत." तिने माझा हातच धरला. "तुमची वही नसती तर या लोकांना उठवलं असतं."

म्हणून तो सत्कार. आणि म्हणून पुढच्या रविवारी सावरटेपला गावजेवण.

मे महिना. धाकूदादाच्या अंगणात मांडव, मांडवाच्या खांबाला नव्या शाळेचा नकाशा चिकटवलेला. मी बायकांत बसून लसूण सोलत होते. पडवीत धाकूदादा पोत्यातून तांदूळ मोजून पातेल्यात टाकत होता, लाकडी पायलीने.

"लाभ," पहिली पायली ओतत तो म्हणाला. मग "दोन." मग "तीन."

"हात सैल ठेवा," पारूवहिनी म्हणाली. "नाणेघोळवाले येणार आहेत. घरी जेवून येत नाहीत ते."

धान्य मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. माझ्या आजोळी खळ्यावर मी हे शंभरदा ऐकलं होतं. तरी माझा सोलता हात थांबला. का ते मलाही लगेच कळलं नाही. मी उठून त्याच्याजवळ गेले.

"दादा, तारेवर मोजायचास तेव्हा काय म्हणायचास?"

"काय म्हणायचो म्हणजे?"

"टोला मारल्यापासून. तोंडात काय मोजायचास?"

"हेच की. एकपासनं कोण सुरू करतं? टोला हाणला की लाभ. लाट आली की दोन. परत आली की तीन." त्याने पायली भरली. "चार," म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "काय झालं गो?"

धान्यात लाभ म्हणजे एक भरलेलं माप. तारेवर त्याचा लाभ नुसत्या टोल्याचा होता. तेव्हा लाट निघालेली असायची, आलेली नसायची. त्याच्या 'तीन'पर्यंत लाटेच्या फेऱ्या होत होत्या दोन. आणि मी खाली उभी राहून दहा वर्षं तीन फेऱ्यांचं सूत्र लावत होते. त्याला कधी विचारलं नाही. कागदावर तीन होतं, तो तीन म्हणत होता, मला पुरेसं होतं.

पोत्याखाली सांडलेल्या तांदळाच्या पिठीत मी बोटाने आकडे मांडले. पाच पूर्णांक नऊ सेकंद, पण फेऱ्या दोन. तेव्हाचा झोळ एक मीटर वीस नव्हताच. दोन मीटर सत्तर होता. धाकूदादाला वरून बराच वाटायचा, तो बराच होता.

आणि आज तो एक मीटर एकवीस आहे.

"शिडी आहे का?" मी विचारलं.

खांब त्याच्या घरामागेच होता. शहात्तर वर्षांचा माणूस शिडीवर चढतोय म्हणून पारूवहिनी मागून बोलत होती, कोणाचं हाड मोडलं तर आपण बघणार नाही वगैरे. तो चार पायऱ्या चढला, तारेवर तळवा टेकला, काठी उचलली. मी मोबाइल काढला.

"पूर्वी मोजायचास तसंच मोज. अगदी तसंच. फक्त मोठ्याने."

टोला. "लाभ." मग "दोन." मग "तीन."

चार सेकंद.

त्याने आपणहून पुन्हा टोला मारला. तीन पूर्णांक नऊ. पुन्हा. चार.

"लवकर येते," तो वरून म्हणाला. "पूर्वी तीन म्हणायच्या आत मी पान या गालातनं त्या गालात न्यायचो. आता वेळच नाय."

तोच माणूस, तेच मोजणं, तोच गाळा. पूर्वी सहाच्या घरात सेकंद, आता चार. सूत्राची गरजच नव्हती. तो खाली उतरून शिडीच्या खालच्या पायरीवर बसला.

"तार कोणी ओढली?"

"कोणी नाही ओढली दादा."

त्याने आधी खांबाकडे, मग घराकडे बघितलं. "म्हणजे आपण गेलो."

"दीड वीत. तू निवृत्त झाल्यापासून आजपर्यंत कधीतरी. तू तेव्हा तार सैल सोडली होतीस म्हणून ती तुटली नाही, नाहीतर तेव्हाच कळलं असतं."

"माझ्या भिंतीला तडा नाय."

"सगळी वाडी एकदम सरकली तर भिंतीला तडा का जाईल?"

मांडवातून हसण्याचा आवाज आला. कोणीतरी नव्या शाळेची घंटा कुठे टांगायची यावर भांडत होतं. धाकूदादा पायरीवरची माती लागलेलं बोट धोतराला पुसत राहिला.

"कोणाकोणाला ठावं आहे?"

"तुला आणि मला."

तो उठून खांबाभोवतीची माती पायाने दाबत राहिला. त्या वेळात माझ्या मनात काय काय आलं ते मी लपवणार नाही. शाल आली. सरपंचांचं भाषण आलं. डोंगर काय, दहा वर्षं थांबला, अजून शंभर थांबेल, हेही आलं. पावसाला तीन आठवडे होते.

"जेवण तरी होऊ दे," तो म्हणाला.

"होऊ दे."

त्या जेवणाचा घास अन् घास मला आठवतो. काळ्या वाटाण्याचं सांबारं, पातीच्या कांद्याची भाजी, केळीच्या पानावर वाफाळता भात आणि माझ्या पानात पारूवहिनीने न विचारता वाढलेलं लोणचं. बंड्या पाटकर आता टकला झाला होता. तो ड्रोनची गोष्ट पुन्हा सांगत होता आणि सगळे नव्याने हसत होते. हे लोक पुन्हा असे एका अंगणात बसणार नाहीत, हे पंगतीत दोघांनाच माहीत होतं. धाकूदादाने भात दोनदा मागून घेतला.

पानं उचलल्यावर मी उभी राहिले. मी तोंड उघडायच्या आत तोच बोलला. "माझी मोजणी चुकली. दहा वर्षं चुकली."

"त्याची नाही, माझी चुकली," मी म्हटलं. "तो नेहमी मोजतो तसंच मोजत होता. मी विचारलं नाही."

"तिला काय ठावं? ती खाली होती."

"खाली होते म्हणूनच विचारायला हवं होतं."

"अरे, कोणाची चुकली ते मागनं ठरवा," पारूवहिनी म्हणाली. "काय चुकलं ते सांगा."

सांगितलं. मग शाळेच्या घंटेवरून भांडणारा माणूस म्हणाला, "गेल्या आठवड्यात तुझंच गणित बरोबर होतं ना? मग आजचं कशावरून बरोबर?" धाकूदादा त्याला हाताला धरून खांबापाशी घेऊन गेला, शिडीवर चढवला, तारेवर त्याचा तळवा ठेवला आणि टोला मारला. मग दुसऱ्याला. संध्याकाळपर्यंत अर्धी वाडी त्या शिडीवर चढली. कोणाला पटलं, कोणाला नाही. लाट मात्र सगळ्यांना लागली.

मनवाला मी तिथूनच फोन केला. तिने सगळं ऐकून घेतलं.

"काकू, अहवाल सही होऊन गेला आहे. मी तर सेकंदांचा रकाना बघितलाच नव्हता."

"आता बघ."

"मला लेखी लागेल. पुरावा लागेल."

"पुरावा माझ्यासमोर शिडीवर उभा आहे. उतरला की पाठवते."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी घेऊन आली, स्वतः शिडीवर चढली, आणि उतरल्यावर तिने तिथेच बसून नवा अहवाल लिहिला. आठ दिवसांत सावरटेप रिकामं करायचा हुकूम निघाला. सगळ्यांत आधी सामान हलवलं ते धाकूदादाने. पारूवहिनीने जाताना घर सारवलं. मी म्हटलं, वहिनी, आता कशाला? ती म्हणाली, "पाहुण्याकडे जाताना घर तसंच टाकून जायचं का?"

या गोष्टीला आता सहा पावसाळे झाले. नाणेघोळच्या माळावर वसाहतीत बावीस घरं आहेत, सरळ रांगेत, सगळी सारखी. इतकी सारखी, की धाकूदादा दोनदा दुसऱ्याच्या घरात शिरून जेवून आला. शाळा आहे, टाकी आहे. आणि सावरटेप? ते आहे तिथेच आहे. डोंगर पडला नाही. पावसाळा सरला की वसाहतीतलं कोणीतरी मला बाजारात गाठतं. "काय वैजूताई, आहे का आमची वाडी जागेवर?" आहे, मी सांगते. "आमची आंब्याची कलमं पण आहेत म्हणे. माकडं खातात." मी मान हलवते. एकाने तर तोंडावर सांगितलं, तुझ्या सेंटिमीटरांनी आमचं गाव खाल्लं.

रिकाम्या वाडीची तार मनवाने काढू दिली नाही. भूकर्ण रोज सकाळी मला आकडा पाठवतं. एक मीटर अठरा. एक मीटर चौदा. या श्रावणात एक मीटर नऊ. धाकूदादा रोज विचारतो, "आज किती?" सांगितलं की नुसता हुंकारतो.

परवा पारूवहिनी आली. घावनं घेऊन आली होती, ओट्यावर बसली, इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, "वैजू, खरं सांगशील? तो डोंगर पडावा असं वाटतं ना तुला कधी कधी?"

"नाही."

"एकदा पडला तर लोकांची तोंडं बंद होतील."

"होतील."

"आणि नाहीच पडला, तर मरेपर्यंत बोलतील तुला."

"बोलू देत वहिनी," मी म्हटलं. "बोलायला सगळेच्या सगळे आहेत ना."